शकूचं रक्त जातं कुठं?

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ना घरच्यांनी, ना विहिणीकडच्यांनी, ना डॉक्टरांनी. हे आधी सांगते, बाकीचं मग. आता सगळे म्हणतात, "आक्का, तुमचं नाक लई तिखट!" तेव्हा हेच लोक म्हणत होते, "आक्कालाच शंकेचा रोग हाय, पहिल्यांदा तिला भरती करा!"

दवाखान्याच्या गोष्टींचं असं असतं बघा. आत असताना दिवस सरता सरत नाही आणि बाहेर आल्यावर गोष्टी सरत नाहीत. गोठ्यातल्या शेणासारख्या, आज उचलल्या तरी उद्या पुन्हा तेवढ्याच. डेअरीवर दूध घालायला बायका जमल्या की एखादी म्हणतेच, "आक्का, ते कुंकवाच्या बाटलीचं सांगा की!" आमची शकू तर मुद्दाम सांगायला लावते. जिच्या बरगडीवर टाके, तीच पोट धरून हसते!

माझी चौथी यत्ता झालेली आहे. तोंडानं सांगून घसा बसला, म्हणून आता लिहिते.

*

शकू माझी एकुलती लेक. आम्ही कोल्हारचे, तिला दिली पुणतांब्याला. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच विहीणबाईंचा निरोप आला, "तुमची लेक फुलावानी नाजूक हाय हो. घागर अर्ध्या वाटंत ठिवून दम खात बसती."

विहीणबाईंवर माझा तेव्हापासून डोळा. फार गोड बोलायच्या. आमच्या धंद्यात जो गवळी फार गोड बोलतो, त्याच्या दुधात पाणी असतं.

मी म्हटलं, माझी लेक दोन म्हशींची धार काढून शाळेत जायची, तिला दम कसा लागतो? हिला तिथं कुणीतरी काहीतरी खाऊ घातलंय! घरात सगळे माझ्यावर खेकसले. नगरला डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का हिला?"

आला होता. गुडघे भोपळ्यासारखे झाले होते पोरीचे. अजूनही थंडीत ठणकायचे.

"त्या तापानं हृदयातलं एक दार चिकटलंय. पुण्याला न्या. ते उघडून देतील."

पुण्याचे मोठे डॉक्टर उंच, गोरे, घाईतले. म्हणाले, "डावीकडून बरगड्यांच्या मधून आत जायचं आणि हृदयात बोट घालून ते दार मोकळं करायचं."

मी विचारलं, "बोट? बोट घालणार? मग नखं दाखवा."

सगळे गार! जावई तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पुढं धरले.

नखं कापलेली होती. मग मी सही केली!

*

भरती करताना क्लार्कनं विचारलं, "पेशंटच्या वडिलांचं नाव?"

आता मी ते कसं घेणार? लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर माझ्या जिभेला ते शिवलेलं नाही. आणि मालक नेमके समोरच्या हॉटेलात गेलेले. त्यांना चहा लागतो, आणि चहात डोकेदुखीवरची पुडी लागते. सकाळ-संध्याकाळ. पुडी पोटात गेली की तिचा कागद बोटांत वळवळ वळायचा, वातीसारखी बारीक सुरळी करायची आणि कानात घालून डोळे मिटून बसायचं. गावात कुठंही तशी सुरळी पडलेली दिसली की समजावं, मालक इथं बसून गेले.

मी क्लार्कला म्हटलं, "पुणतांब्याला ज्यांची समाधी आहे ना, तेच नाव."

"समाधी? म्हणजे पेशंटचे वडील वारले?"

"तुमच्या तोंडात माती! वाघावर बसून आले होते ते!"

"कोण? तुमचे मिस्टर?"

"अहो, चौदाशे वर्षं जगले!"

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "बाई, मी वय नाही विचारलेलं अजून."

शेवटी जावयानं येऊन नाव सांगितलं. लिहून घेताना तो क्लार्क म्हणाला, "एवढंच होतं? यासाठी वाघ कशाला मध्ये आणला?"

मग त्यानं विचारलं, "पेशंटला काही औषध चालू आहे का? आयुर्वेदिक, गावठी, काहीही?"

मी, जावई, विहीणबाई, तिघांनीही एका सुरात सांगितलं, "न्हाई."

*

डॉक्टरांनी बजावलं होतं, "हृदयाचं ऑपरेशन आहे, रक्त जाणार. जितकं जाईल तितकं बाहेरून घालावं लागतं. रक्त देणारी माणसं आणा, नाहीतर तारीख मिळणार नाही."

साल दुष्काळाचं. आमच्याकडं कालव्यामुळं बरं म्हणायचं, पण पूर्वेकडचे पाहुणे खडी फोडून मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन लाल ज्वारीच्या, भाकरी खात होते. कुणाच्या अंगात होतं रक्त? तरी मी गावात दारोदार फिरले. पेरूचा ट्रक पुण्याला निघाला होता, त्यात पेरूवर बसवून माणसं नेली!

रक्तपेढीत एक बाई बोटाला टोचायची आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडायची. थेंब बुडाला तर माणूस पास, तरंगला तर नापास. मी बघताक्षणी ओळखलं. आमच्या डेअरीवर दुधात काचेची कांडी सोडतात, तसलाच प्रकार. फक्त उलटा. तिथं पाणचट दुधात कांडी बुडते, इथं पाणचट रक्त तरंगतं.

सगळ्यात पुढं आमचा रावसाहेब पैलवान. दंड थोपटून म्हणाला, "बाई, माझी एकट्याची घ्या चार बाटल्या. ह्या मरतुकड्यांस्नी कशापायी टोचता?"

त्याचा थेंब सोडला. तरंगला! निवांत, कमळाच्या पानासारखा.

त्याच्या मागं शेवगावकडचा आमचा एक ऊसतोड्या पाहुणा, नुसती काडी. त्याचा थेंब दगडासारखा तळाला.

सगळी मंडळी पैलवानावर तुटून पडली. मीही सोडते होय? म्हटलं, "काय रं रावसाहेब, रोजचं शेरभर दूध जिरवतोस कुठं?"

पैलवानानं बोट चोखत माझ्याकडं बघितलं. "आक्का, दूध तुमच्याकडचंच हाय न्हवं?"

नंतर त्या रक्तपेढीवाल्या बाईंनीसुद्धा माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं. एवढा अपमान आयुष्यात झाला नाही!

मालकांचा थेंब बुडाला. आणि शकूच्या गटाचं रक्त सगळ्या ट्रकात त्यांचंच एकट्याचं निघालं. कोपराला कापूस लावून असे हिंडत होते, जसं काही तालुक्याचं मैदान मारलं.

*

माझा खरा संशय पुढं होता. रक्त काढून बाटलीत भरलं, बाटली आत गेली. ती आमच्याच पोरीला मिळणार कशावरून? डेअरीत एकदा कॅन आत गेला की कुणाचं दूध कुणाच्या चहात जातं, हे मला कुणी शिकवू नये.

म्हणून मी करंडा काढला आणि बाई पाठमोऱ्या झाल्याबरोबर आमच्या प्रत्येक बाटलीला कुंकवाचं बोट लावलं. काचेवर. कुणाला काय त्रास?

ऑपरेशनच्या दिवशी शकूला बाहेर आणली. पांढरीफटक. वर लाल बाटली लोंबतेय. मी आधी पोरीचं तोंड बघितलं, मग बाटली. कुंकू नाही!

"आमची बाटली कुठंय? कुणी खाल्ली?" मी असा आवाज लावला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

सिस्टर धावत आल्या. "अहो बाई, गट जुळायला लागतो. तुमच्या माणसांचं दुसऱ्याला, दुसऱ्याच्या माणसांचं तुम्हाला. तुमच्या मिस्टरांचं आतच देऊन झालं तिला."

"दुसरा म्हणजे कोण? दाखवा!"

त्यांनी दाखवायची गरजच पडली नाही. पलीकडच्या खाटेवर भिंगारचे एक शिंपी मास्तर होते, त्यांचंही तेच ऑपरेशन. भरघोस दाढी, छातीवर पट्टा, आणि डोक्यावर माझी बाटली. कुंकवासकट!

त्यांची बायको कधीपासून ते कुंकू बघत बसली होती. मला म्हणाली, "आपा, ये तुम्हारा है क्या? मैं समझी डॉक्टर लोगां निशाणी लगाए. मी म्हटलं, असंल काई चांगलं, पुसू नाय."

मी म्हटलं, "राहू द्या. तुमच्याच धन्याच्या आयुष्याला लावलंय म्हणायचं."

मास्तरांना अजून मी कुंकवाचे भाऊ म्हणते. शकूच्या मुलाच्या बारशाला त्यांनी झबलं शिवून आणलं, आणि त्यावर पुढं मुद्दाम लाल गोल टिकली!

*

शकूच्या बरगड्यांतून एक नळी काढलेली. ती खाटेखाली काचेच्या बाटलीत सोडलेली. त्यात रक्त ठिबकत होतं.

मी सिस्टरांना म्हटलं, "वरनं घालायचं आणि खालनं काढायचं? ही कुठली मोट?"

"आत साचलेलं बाहेर यायलाच हवं. साचून राहिलं तर हृदय दाबलं जाईल. हळूहळू थांबेल ते."

"आणि खालची बाटली भरली की? ती नेऊन वर टांगता ना?"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. मग बाटलीतलं रक्त जिथवर होतं तिथं चिकटपट्टी लावली. "बघा. याच्यावर फारसं जाणार नाही."

चिकटपट्टी काय, कुणीही सरकवील. त्या वळल्या तशी मी शेजारी हळदीचं माझं बोट उमटवलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, खाली वाकल्या. मीही वाकले. रक्त त्यांच्या पट्टीच्या वर गेलेलं आणि माझ्या हळदीच्याही वर गेलेलं. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

*

डॉक्टर म्हणाले, "जितकं द्यावं तितकं वाहतंय. आणखी रक्त लागेल."

पेरूचा ट्रक कधीच परत गेलेला. पैलवान घरी बसून दूध पीत असणार. शेवटी शिंपी मास्तरांचे दोघे भाऊ उठले. एकाचा गट शकूशी जुळला. कुंकवाची परतफेड अशी झाली.

इकडं आमच्या मंडळींची डोकी चालायला लागली. कुणी म्हणे नजर लागली. जावयाचे चुलते म्हणे पुण्याच्या पाण्यानं रक्त पातळ होतं. मालक बाकावर बसून कानात सुरळी फिरवत म्हणाले, "अगं ए, तुझ्या शंकेनंच पोरगी खंगली. गप बस जरा."

मी गप बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवसापासून शकूला घोट घोट चहा द्यायची परवानगी मिळाली होती. विहीणबाई धर्मशाळेत स्टोव्हवर चहा करून किटलीतून आणायच्या. चहाच्या वेळी आत एकाच माणसाला सोडत. जायचे तिचे वडील, कारण आमच्या कुणाच्या हातून ती घेईना. ते एकदा बशी घेऊन बाहेर आले, तळाशी चहा उरला होता. मी तो चाटला.

कडू!

झालं. मी किटली धरली. "विहीणबाई, काय घालता चहात?"

"साखर, पत्ती. दुसरं काय घालत्यात?"

"मग कडू का? पोरीचं रक्त थांबत न्हाई, आन् तुमचा चहा कडू! घागर उचलत न्हाई म्हणून काटा काढताय व्हय तिचा?"

सगळा व्हरांडा गोळा झाला. शिपाईसुद्धा स्टूल सोडून आला. विहीणबाईंच्या तोंडावरचा गोडवा पहिल्यांदाच उतरला. त्यांनी माझ्या हातातली किटली हिसकावली, तोंडाला लावली आणि गटागटा सगळी संपवली. गरम चहा, बाई! डोळ्यांतून पाणी आलं, पण थेंब ठेवला नाही.

किटली उलटी करून मला दाखवली. "घ्या! आता बसा हितं माझ्याफुडं. म्या मेले की उठा!"

बसले मी. खरंच बसले, पदर खोचून, डोळ्याला डोळा लावून. दुपार झाली. त्या काही मरेनात.

शेवटी त्याच म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी तरी जेवून घ्या. म्या जिती असताना तुमी उपाशी मरशाल!"

*

त्याच दिवशी शकूला पुन्हा आत नेलं. टाके उसवून बघायला. मालकांनी डोक्यावरची टोपी मांडीवर घेतली आणि जी धरली, ती सोडली नाही. विहीणबाई माझ्यापासून लांब, खांबाला टेकून.

डॉक्टर बाहेर आले ते तावातावानं. "एकही शीर सुटलेली नाही. सगळ्या बाजूनं नुसतं पाझरतंय. रक्त गोठतच नाहीये. खरं सांगा, तिला बाहेरचं काही देताय?"

"न्हाई," जावई म्हणाले.

"न्हाई बा," विहीणबाई म्हणाल्या.

मालक म्हणाले, "सायेब, औषधाला कुणाला शिवू दिलं न्हाई. मीच असतो की तिच्याजवळ."

तेवढ्यात सिस्टर आल्या. "सर, खाट आवरताना उशीखाली हे मिळालं." तळहातावर कागदाचा एवढासा तुकडा. डॉक्टरांनी तो उलगडला, त्यावरचं छापील वाचलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"डोकेदुखीची पुडी! अहो, यानंच रक्त गोठत नाही. हिला ऑपरेशनच्या आधीपासून चालू असणार. भरती करताना विचारलं होतं ना, औषध चालू आहे का?"

जावई भोळेपणानं म्हणाले, "पन सायेब, पुडी कुठं औषध हाय? औषध दवाखान्यात मिळतं. पुडी तर वाण्याकडं, गुळाच्या ढेपंशेजारी मिळती. गुडघं दुखलं की ती ल्हानपनापासून घेती."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. "कुणी दिली?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"हे बघा, मला भांडायला वेळ नाही. ज्यानं दिली त्याचं नाव या शिपायाला सांगा. ती बरी होईपर्यंत ते माणूस या दारातून आत जाणार नाही. पुन्हा एक पुडी पोटात गेली तर मी रक्त कुठून आणू?"

शिपाई पुढं झाला. "नाव काय विचारायचं साहेब? सकाळी किटलीवरून भांडण झालं, त्या पुणतांब्याच्या बाई. अख्ख्या व्हरांड्यानं ऐकलंय."

सगळ्यांच्या माना विहीणबाईंकडं वळल्या. जावयाचीसुद्धा! पोटच्या पोरानं आईकडं असं बघावं? विहीणबाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. चहानं भाजलेले होते.

मी त्यांच्याकडं बघत नव्हते. मी डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडं बघत होते. उलगडला होता, तरी सरळ होत नव्हता. पुन्हा पुन्हा वळत होता, वातीसारखा, बारीक.

मी मालकांकडं बघितलं. ते स्वतःच्या कोपराकडं बघत होते. कापूस अजून तिथंच चिकटलेला.

विहीणबाई हळू म्हणाल्या, "घ्या की विहीणबाई. माझं नाव घेताना जीभ अडली न्हाई तुमची."

शिपायानं विचारलं, "मग? कुणाचं सांगताय?"

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. उखाणा एकही आठवेना.

"चांगदेव," मी म्हटलं.